कातडी फाटली नाही, मग औषध आत गेलं कोठून?

मागच्या ऑगस्टची गोष्ट. आर्वीकडच्या आमच्या गावात मामा दिवसभर कपाशीवर फवारणी करून घरी आला तेव्हा शर्ट पाठीकडून कमरेपर्यंत ओला, पंपाचं झाकण गळत होतं आणि मामा म्हणे घाम हाय, वाळून जाते. दिवेलागणीला तोंडाला सारखं पाणी सुटायला लागलं, मग मळमळ, मग डोळ्यापुढे धुकं, शेवटी रात्री शेजाऱ्याच्या गाडीत टाकून तालुक्याला नेलं. विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं झाली, दोन दिवस ठेवलं, बरा होऊन आला. आणि ओसरीत बसून मला विचारतो, "काऊन भाचेबुवा, मी औषध पेलो नाही, अंगाले कुठं खरचटलं नाही, मंग ते आत गेलं कोठून?"

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, म्हटलं हे सोपं आहे, थोडं श्वासातून गेलं आणि बाकीचं कातडीतून शोषलं गेलं. मामा म्हणाला, "शोषते? मंग रात्ररात्र ओलितात उभा राह्यतो, पाणी काऊन नाही शोषत?"

माझी बोलती बंद. कारण प्रश्न एकदम बरोबर आहे.

विदर्भात दरवर्षी पावसाळा सरत आला की फवारणीतून विषबाधेच्या बातम्या येतात. २०१७ साली तर एकट्या यवतमाळ जिल्ह्यात सुमारे २० माणसं गेली, शेकडो भरती झाली, त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि फवारा उलटा तोंडावर यायचा. बातम्यांत मास्क येतो, हातमोजे येतात, चौकशी येते, मामाचा प्रश्न मात्र कुठे येत नाही. त्याचं उत्तर चरबी थिजते कशी आणि वितळते कशी यात आहे, आणि ते समजलं की ऑपरेशनची भूल, मोहाची दारू, काळी बुरशी अशा भलत्याच गोष्टी एका दोरीत ओवल्या जातात.

आधी आजीची बाटली

आमच्या आजीच्या देवळीत एक छोटी काचेची बाटली असायची, अमृतधारा. पोटात दुखलं, दोन थेंब बत्ताशावर. डोकं धरलं, एक थेंब कपाळाला. ती बनवताना मी पाहिलंय आणि अजून विसरलो नाही. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे, तिन्ही वेगवेगळ्या पुड्यांत. आजी ते बाटलीत टाकायची, बूच घट्ट लावायची आणि हातात धरून हलवत बसायची. चूल नाही, पाणी नाही. थोड्या वेळाने खडे ओलसर दिसायला लागायचे, मग काचेला चिकटायचे, मग बघता बघता बाटलीत नुसतं पाणी. पाणी कसलं, तेलच ते.

आता पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल, एकटं ४२ अंशांच्या आसपास वितळतं. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, ते ५० च्या आसपास. कापराला तर पावणेदोनशे लागतात. मग तिघे एकत्र आल्यावर सावलीत बसल्या बसल्या कसे वितळले?

असं आहे की घट्ट पदार्थात रेणू शिस्तीत रांगा लावून उभे असतात आणि त्या रांगेत परका माणूस बसत नाही. पातळ झालं की रांगा मोडतात, तिथे कोणीही कुठेही उभा राहू शकतो. म्हणजे पाहुण्याला पातळपणाच सोयीचा, आणि पाहुणा आला की सगळा कारभार पातळपणाकडे झुकतो. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो ते याच हिशोबाने, मीठ बर्फाच्या रांगेत बसत नाही म्हणून बर्फ शून्याच्या खाली सुद्धा वितळत राहतो आणि वितळताना कुल्फीची उष्णता ओढून घेतो.

पेशीचा पडदा म्हणजे चरबीची दोन थरांची भिंत

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. हा बनतो लिपिड नावाच्या रेणूंपासून, लिपिड म्हणजे चरबीच्या घराण्यातला रेणू, ज्याचं डोकं पाण्यावर प्रेम करतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. पाण्यात सोडले की हे रेणू आपोआप दोन थर लावतात, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. जाडी साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे दोन लाख पडदे मावतील. दोन थर असतात हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच शास्त्रज्ञांनी रक्तातल्या तांबड्या पेशींवरून ताडलं, चरबी काढून पाण्यावर पसरवली तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते असं त्यांना दिसलं.

हा पडदा थिजू शकतो आणि वितळू शकतो, हाच खरा मुद्दा. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते तसंच. थिजलेल्या पडद्यात शेपट्या ताठ, दाटीवाटीने उभ्या. वितळलेल्यात त्या वळवळतात, रेणू इकडून तिकडे सरकतात, पण पडदा पडदाच राहतो, सांडून जात नाही.

कोणता पडदा किती अंशाला थिजेल हे शेपट्यांवर ठरतं. ज्याच्या घरी गुरं आहेत त्याला हे सांगायची गरज नाही. ज्वारीचा कडबा सरळ असतो, पेंढ्या एकमेकींना चिकटून गंजी लागते, सुई जाणार नाही. आणि पऱ्हाट्या रचून बघा. कपाशीची वाळलेली झाडं, फांद्या वाकड्या, कितीही दाबा, मध्ये उंदीर काय मुंगूस फिरेल. तुपातल्या, डालड्यातल्या शेपट्या कडब्यासारख्या सरळ म्हणून ते थिजतं, आपल्या जवसाच्या तेलातल्या शेपट्यांना बाक असतो म्हणून डिसेंबरच्या पहाटेलाही ते वाहतं राहतं. आकडाच बघायचा तर डीपीपीसी नावाचा एक लिपिड आहे, दोन्ही शेपट्या सरळ, त्याचा पडदा ४१ अंशाला वितळतो. त्याच्या जोडीतली एक शेपटी काढून एका बाकाची शेपटी लावली की तोच पडदा थेट शून्याच्या खाली गेल्यावरच थिजतो. एक बाक, आणि चाळीसेक अंशांचा फरक!

कोलेस्टेरॉल इथे सज्जन आहे

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलं की घरात तूप बंद होतं, त्यामुळे त्याचं नाव खराब झालंय. पण पडद्यात तो नसेल तर आपण नसतो. कोलेस्टेरॉलचा रेणू चपटा आणि ताठ, एक पाचरच समजा. कडब्याच्या घट्ट गंजीत पाचर घुसवली तर गंजी सैल होते. पऱ्हाट्यांच्या ढिगात तीच पाचर ठोकली तर हलणाऱ्या फांद्या जागी बसतात. कोलेस्टेरॉल दोन्ही करतो, थिजू पाहणाऱ्या पडद्याला थिजू देत नाही आणि फार पातळ पडद्याला सावरून धरतो. पुरेसा मिसळला तर थिजणं-वितळणं असा वेगळा क्षणच उरत नाही, मधली एक तिसरीच अवस्था येते, रेणू सरकतात पण शेपट्या ताठ.

बुरशीमध्ये कोलेस्टेरॉलच्या जागी त्याचा चुलतभाऊ असतो, एर्गोस्टेरॉल. २०२१ ला कोरोनानंतर काळ्या बुरशीचे पेशंट आले आणि अँफोटेरिसिनच्या एकेका बाटलीसाठी लोक नागपूरभर फिरले ते आठवत असेल. ते औषध या एर्गोस्टेरॉललाच धरतं, पडद्यातून ओढून काढतं. पाचर गेली की बुरशीचं घर ढासळलं. साधं अँफोटेरिसिन किडनीला फार जड जातं, म्हणून ते चरबीच्या बारीक फुग्यात भरून देतात, आणि त्या फुग्याचा मुख्य माल कुठला माहीत आहे का, सोयाबीनचं लेसिथिन, म्हणजे लिपिडच, डालडा बनवताना करतात तसं हायड्रोजन देऊन शेपट्या सरळ केलेलं. मुद्दाम. म्हणजे अंगाच्या ३७ अंशांत फुगा घट्ट राहील आणि औषध रस्त्यात सांडणार नाही. सोयाबीनला भाव मिळत नाही म्हणून आपण बोंबलतो आणि तिकडे त्याचं हे होतं, असो.

पण एवढासा रेणू, तोही चिमूटभर, करून करून काय करणार?

हा आक्षेप वर्गात दरवर्षी येतो. उत्तर असं की चिमूटभर पाण्यात आहे, पडद्यात नाही. तेलात विरघळणारा रेणू पाण्यात राहायला कंटाळतो, जवळ चरबी दिसली की तिथे जाऊन बसतो, त्यामुळे पाण्यात अगदी थोडा असलेला पदार्थ पडद्यात शेकडो, कधी हजारो पट दाट होतो. तर्रीचं बघा, रश्शात मिरचीचा रंग कुठे असतो, सगळा वर तेलात.

आणि दुसरं, थिजणं-वितळणं हे एकट्या रेणूचं काम नाही, शेजाऱ्याचं बघून शेजारी हलतो. गंजीतून एक पेंढी ओढली की चार घसरतात.

एक खोच मात्र आहे. प्रत्येक पाहुणा पडदा पातळच करतो असं नाही. जो रेणू रांगेत फिट बसतो, लांब सरळ शेपटीचा, तो उलट पडदा घट्ट करतो. पामिटिक ॲसिड डीपीपीसीत मिसळलं तर वितळायचा अंश वर चढतो. म्हणून बुटका आणि वेडावाकडा पाहुणा सैल करतो, उंच आणि सरळ पाहुणा आवळतो, असं ढोबळमानाने धरून चाला. अपवाद भरपूर.

मोहाची दारू आणि गार पडलेलं यीस्ट

मोहफुलं भिजत घातली की यीस्ट साखर खाऊन दारू बनवतं. बनवता बनवता ती दारू त्याच्याच पडद्यात शिरते, दारूचा रेणू बुटका, डोक्यांजवळ जागा करून बसतो, पडदा पातळ आणि गळका होतो, आतले क्षार आणि आम्ल यांचा तोल जातो. यीस्ट धडपडतं, आपल्या पडद्याची चरबी बदलतं, एर्गोस्टेरॉल वाढवतं, पण बहुतेक जाती १२-१५ टक्क्यांपलीकडे टिकत नाहीत. आपल्याच कमाईत बुडून गार. म्हणून कडक पाहिजे तर भट्टी लावून ऊर्ध्वपातन करावं लागतं (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, मी फक्त रसायनशास्त्र सांगतोय). सॅनिटायझरमध्ये दारू ७० टक्क्यांच्या आसपास असते, तिथे पडदा गळका वगैरे होत नाही, सरळ फुटतो, प्रथिनं पण गोठतात.

ऑपरेशनची भूल: इथे शास्त्रज्ञ अजून भांडतात

१८४६ साली बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून सगळ्यांसमोर ऑपरेशन करू दिलं, पेशंट ओरडला नाही. तेव्हापासून भूल देतात, पण भूल चढते कशी हा प्रश्न पुढे रेंगाळला. १८९९ मध्ये मायर आणि १९०१ मध्ये ओव्हर्टन, दोघांनी स्वतंत्रपणे एक विलक्षण गोष्ट पाहिली. भुलीचा पदार्थ ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो तितका तो जोरदार. रेणूचा आकार कसाही असू दे, फक्त तेलात किती जातो ते बघा आणि डोस सांगा. मग लोकांनी म्हटलं, झालं, हे सगळे मेंदूच्या पेशींचे पडदे सैल करत असणार, आजीच्या बाटलीसारखे. पुरावाही मिळाला, भूल चढलेल्या बेडूकमाशांना पाण्याच्या प्रचंड दाबाखाली ठेवलं तर ते पुन्हा पोहायला लागतात. दाब म्हणजे गंजी पुन्हा आवळणं.

मला ही थिअरी फार आवडायची. पण तिला एक आडवा प्रश्न आहे आणि तो मेमध्ये चंद्रपूरला राहिलेल्या कोणालाही सुचेल. भुलीच्या डोसने पडदा जितका सैल होतो तितका तो अंगाचं तापमान एखाद अंशाने वाढलं तरी होतो. मग १०२ ताप आला की माणूस बेशुद्ध का पडत नाही? बरोबर! आणि १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्यातलं उजेड पाडणारं प्रथिन घेतलं, त्यात चरबीचा थेंब नाही, तरी भुलीच्या औषधांनी ते त्याच डोसला मंदावलं आणि जोरदार औषधांनी जास्त. म्हणजे प्रथिनातच तेलकट खोबणी असते, औषध तिथे बसतं. आज बहुतेकांचं मत प्रथिनांकडे आहे.

तरी पडदा पूर्ण सुटलेला नाही. खऱ्या पेशीच्या पडद्यात दोन जातींचे पातळ भाग असतात, तर्रीचे गोल चट्टे रश्शावर तरंगतात तसे, आणि गार करत गेलं तर एका ठराविक अंशाला ते वेगळे होतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात भुलीच्या डोसने हा अंश सुमारे चारने खाली आला. म्हणजे चट्टे बनायची, मोडायची रीतच बदलली, आणि त्या चट्ट्यांवर बसलेली प्रथिनं बिचारी काय करणार. माझं मत विचाराल तर मुख्य गुन्हेगार प्रथिनच आहे, पडदा साथीदार असू शकतो.

आता मामाची पाठ

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, जाडी एका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. बांधकाम थेट विटा आणि गाऱ्याचं. मेलेल्या पेशी विटा, मधला गारा चरबीचा: सेरामाइड नावाचे लिपिड, कोलेस्टेरॉल आणि मोकळी फॅटी ॲसिडं. आणि या गाऱ्यातल्या शेपट्या बहुतेक लांब, सरळ, म्हणजे कडबा. कातडीचं तापमान ३२ च्या आसपास, त्याला हा गारा जवळजवळ थिजलेला असतो. पाण्याचा रेणू तेलात विरघळत नाही आणि थिजलेल्या तेलात तर नाहीच, म्हणून मामा रात्रभर ओलितात उभा राहिला तरी बोटं सुरकुततात, पण तो फुगत नाही. पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं हे उत्तर.

दुसरा अर्धा. कीटकनाशक बाटलीत एकटं नसतं. ते बहुतेक वेळा पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून तेलासारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं आणि सोबत साबणाच्या जातीचा पदार्थ. म्हणूनच ड्रममध्ये ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. वरून आपण स्टिकर टाकतो, तोही त्याच जातीचा, पानावर पसरायला आणि चिकटायला. पानाला जे मेण तेच आपल्या कातडीला गारा. सॉल्व्हंट बुटका पाहुणा, गाऱ्यात शिरला, रांगा मोडल्या, थिजलेला गारा जागोजागी पातळ झाला. साबणजातीचा पदार्थ थोडी चरबी उचलूनच नेतो. आणि असं कीटकनाशक तर मुळात तेलप्रेमी, त्याला तयार रस्ता मिळाला. वर ऊन, घामाने फुगलेली ओली कातडी, पाठीला चिकटलेला शर्ट, आत जायचा वेग आणखी वाढतो. मामाची पाठ त्या दिवशी पाच-सहा तास तशीच होती.

हीच युक्ती औषधाच्या कंपन्या चांगल्या कामाला लावतात. कंबरदुखीच्या जेलची ट्यूब घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच ट्यूबमध्ये डायक्लोफिनॅकसोबत मेंथॉल आणि जवसाचं तेल लिहिलेलं सापडेल. मेंथॉल गार वाटायला असतो हे खरं (ते गार वाटणं नसांतल्या एका प्रथिनाचं काम), पण तो कातडीचा गाराही सैल करतो आणि औषधाला आत घेतो. आजीचा पुदिना!

मग हाताला खोबरेल लावून फवारायचं का?

हे मामानेच विचारलं, म्हणे पुष्कळ जण लावतात, कातडीवर थर राह्यते. नको. पाण्यापासून वाचायचं असेल तर तेलाचा थर ठीक, तेलात विरघळणाऱ्या विषापासून तेलाचा थर म्हणजे चोराला ओसरीत खाट टाकून देणं. हात रॉकेलने धुणं त्याहून वाईट, ते स्वतःच सॉल्व्हंट. पूर्ण बाह्यांचा कोरडा शर्ट, रबरी हातमोजे, पाठीवर प्लास्टिकचा कागद, वारा पाठीमागून, आणि पंप गळत असेल तर तो दिवस घरी. कपडे ओले झाले की तिथेच उतरवायचे, घरी येऊन नाही, आणि लगेच साबण आणि भरपूर साधं पाणी.

मामा थांबला. बिडी काढली, पेटवली नाही. "तू म्हणते साबणजातीचं औषध कातडीचा गारा नेते. मंग साबण लावला तं साबण बी तेच करन नं?"

चाळीस पोरांच्या वर्गात आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं करतो, थोडं करतो. पण तो दोन मिनिटं असतो आणि मागून बादलीभर पाणी येतं, विष धरून खाली वाहून जातं. पाच तास अंगावर वाळत बसणं आणि दोन मिनिटं फेस करून धुणं यात फरक आहे. फक्त हळू धुवायचं, घासून विटाच काढल्या तर रस्ता आणखी मोकळा.

"म्हंजे वजरीनं घासाचं नाही?"

"नाही मामा."

"त्या दिवशी तुह्या मामीनं वजरीनंच घासली पाठ," मामा म्हणाला आणि आत बघून आवाज दिला.